क्लॅरीचा दगड आणि न हलणारा स्कोन

क्लॅरी एप्रिलमध्ये गेला. क्लॅरी ट्रेझाइज, माझा भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आता येत्या गुरुवारी मेन्स शेडमध्ये, रिटायर गड्यांच्या त्या कामाच्या शेडमध्ये, मतदान आहे, की त्याच्या लेझरच्या टेबलाचा काळा दगड उचलून त्याच्या थडग्यावर लावायचा की नाही. लिंडसे अध्यक्ष आहे, तो घरी येऊन म्हणला, "मर्ल, तू बहीण आहेस, तुला काय वाटतं ते लिहून दे, मी वाचून दाखवतो. आणि त्याच्या लेझरच्या युक्त्या पण लिही, आमच्यात कोणाला येत नाहीत." म्हणून लिहितेय. मला वाटतं दगड आहे तिथंच राहावा. पण नुसतं एवढं सांगून तुम्ही ऐकणार नाही, तुम्हाला सगळ्यांना मी चाळीस वर्षं ओळखते.

तर पहिल्यापासून सांगते.

क्लॅरी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. अडतीस वर्षं. वर्कशॉप बंद झालं तेव्हा त्यानं आपली हत्यारं पुसली, घरी आणली, आणि पुन्हा त्या रस्त्यानं गेला नाही, दुकानाला सुद्धा मागच्या गल्लीनं जायचा. लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण ती मुलगी पर्थला गेली आणि क्लॅरी म्हणला पर्थ लांब आहे. माझा नवरा रॉन वारल्यावर तो माझ्याकडे राहायला आला, कारण त्याच्या घराचं छप्पर गळत होतं आणि माझ्याकडे कोणी नव्हतं. त्याच्या आधी मी त्याला निदान वर्षातून चारदा चांगलं बोलत असे.

मग त्याचं हृदय बिघडलं. डॉक्टरनं सांगितलं, जड उचलायचं नाही, शिडी चढायची नाही, बसून करता येईल ते करा. घरात बसून करता येईल असं त्याला एकच काम सापडलं, ते म्हणजे माझ्याकडे बघणं. मी भांडी घासताना म्हणायचा, "पाणी वाया घालवतेस." बटाटे सोलताना म्हणायचा, "साल जाड काढतेस." तीन महिने हे चाललं. तुम्ही म्हणता ना, रिटायर झालेले गडी घरात पायात येऊ नयेत म्हणून ही शेड काढली, ते मला त्या तीन महिन्यांत कळलं.

त्याच वेळेला सुपरमार्केटवाल्यांनी काउंटर बदलले. जुनी यंत्रं मागच्या अंगणात टाकली होती, सामानावरून तांबडा उजेड फिरवून किंमत वाचणारी. क्लॅरीनं मॅनेजरला विचारून एक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर उघडलं. आत काचेची नळी, बोटाएवढी जाड. ती पेटवली तर समोरच्या भिंतीवर एक तांबडा ठिपका. क्लॅरी त्या ठिपक्याकडे संध्याकाळपर्यंत बघत बसला. मी बटाटे सोलले, तो काही बोलला नाही. मी तेव्हाच ठरवलं, हे जे काय आहे ते चालू राहिलं पाहिजे.

लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि त्याला होलोग्रामचं वेड लागलं. म्हणजे लेझरच्या उजेडात काचेवर असा फोटो घ्यायचा, की नंतर दिव्याखाली धरला तर वस्तू काचेच्या मागे खरीखुरी ठेवलीय असं दिसतं, डोकं हलवलं की तिची बाजू पण दिसते. पण फोटो निघेपर्यंत काहीही हलता कामा नये, जे हलतं ते फोटोत उमटत नाही, तिथं काळं राहतं. काहीही म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा भाग सुद्धा नाही. आमच्या धुण्याच्या खोलीत त्यानं करून बघितलं, जमलं नाही, कारण मी कपडे धुवायची. मला म्हणला, "कपडे धुणं बंद करता येईल का?" मी म्हणलं, "करते की, तू घालणं बंद कर."

म्हणून तो शेडमध्ये आला. दगड कुठनं आला ते तुम्हाला माहीत आहे, पण लिहिते, नवीन लोकांना माहीत नाही. जेम्सटाऊनच्या थडगी घडवणाऱ्याकडे एक ग्रॅनाइटची लादी कोपरा फुटला म्हणून पडून होती, नाव न कोरलेली. तुम्ही सहा जणांनी ती पाइपांवरून ढकलत आत आणली आणि स्कूटरच्या चार ट्यूबांवर ठेवली, ट्यूबांत हवा निम्मीच, म्हणजे जमिनीचा धक्का वर येत नाही. हात लावला की दगड बोटीसारखा डुलतो, मग बराच वेळानं थांबतो. तुमच्यातला मॉरी म्हणला, "क्लॅरी, शहाणा आहेस. आत्तापासूनच सोय करून ठेवलीस." सगळे हसले. क्लॅरी म्हणला, "कोपरा फुटलाय रे, माझ्यासाठी अख्खा आणा." हे मी ऐकलंय. मी तेव्हा चहा ओतत होते.

आता युक्त्या.

घड्याळ काढा, अंगठी काढा. लेझरचा किरण चकचकीत गोष्टीवर पडला की कुठंही उडतो, कोणाच्याही डोळ्यात. माझी अंगठी बोटातनं निघत नाही, तर क्लॅरीनं तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. रॉनच्या अंगठीला चिकटपट्टी. पक्कड, पाना असलं काही टेबलावर उघडं ठेवू नका, काळ्या फडक्याखाली ठेवा. लिंडसे, तुझ्या पट्ट्याचं ते मोठं बक्कल पण.

किरण कमरेच्या उंचीवर असतो म्हणून तिथं खुर्ची ठेवायची नाही, उंच स्टूलच ठेवायचं. खुर्चीत बसलं की डोळे बरोबर किरणासमोर येतात. आणि किरण चालू असताना काही खाली पडलं तर पडू द्या. स्क्रू पडला की माणूस वाकतोच, अडतीस वर्षांची सवय असते. आधी नळीसमोर काळा पुठ्ठा धरायचा, मग वाकायचं. मॉरी एकदा पेन उचलायला वाकला, तर क्लॅरीनं त्याची कॉलर धरून त्याला वर ओढला. मॉरी दोन आठवडे आला नाही. मग आला.

किरण कुठं जाऊन संपतो ते नळी पेटवायच्या आधी ठरवा. शेवटी काळी रंगवलेली वीट ठेवा. दारासमोर संपवू नका.

बाजारातून हिरवा लेझर आणू नका. मॉरीच्या जावयानं एक आणला होता, तळहाताएवढा, स्वस्त. क्लॅरी म्हणला हिरवा दिसतो तेवढाच नाही, त्याच्यातनं न दिसणारा पण निघतो, आणि जो दिसत नाही त्याला डोळे मिटत नाहीत. चष्मा घातलाय म्हणून निवांत राहू नका, कोणत्या रंगाचा लेझर त्याला कोणता चष्मा हे वेगवेगळं असतं. त्यानं तो हिरवा मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्याकडे दिली. अजून आहे. मिळणार नाही.

आरसे बनियननं पुसू नका. हे मोठ्यानं वाच, लिंडसे. ते घरातल्यासारखे नसतात, चमक वरच्या अंगाला असते, घासलं की ओरखडा आणि आरसा गेला. आधी रबरी फुगा दाबून त्याच्या हवेनं धूळ उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. तरी डाग राहिला तर भिंग पुसायच्या कागदावर स्पिरिटचा एक थेंब घ्या आणि कागद एकदाच, हळू, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओढा. मग तो कागद फेकून द्या. क्लॅरी घरी टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं कापून आतलं खरवडायचा, पण हा कागद दुसऱ्यांदा वापरायचा नाही.

आणि किरण सरळ न्यायचा असेल तर दोन आरसे लागतात, आणि दोन पुठ्ठे, एकाच उंचीवर भोक पाडलेले. एक पुठ्ठा जवळ, एक लांब. पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवून जवळच्या भोकात आणायचा, दुसऱ्या आरशाचे फिरवून लांबच्या भोकात. की पहिला बिघडतो. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, दरवेळी थोडं कमी बिघडतं. दोन्ही आरशांच्या स्क्रूंना एकदम हात लावला तर संध्याकाळपर्यंत जमत नाही. लिंडसेनं लावला होता.

आता पहिल्या मतदानाचं.

दोन वर्षांपूर्वी लिंडसेला त्या जागी लाकूड कापायचं नवीन यंत्र हवं होतं. त्याचं म्हणणं, क्लॅरी काम करतो तेव्हा रंधा बंद, करवत बंद, किटली बंद, सगळ्यांनी बाहेर बाकड्यावर बसायचं, आणि आत्तापर्यंत त्यानं काय बनवलंय? एक पान्याचा होलोग्राम, तो पण धुरकट. ठराव मांडला तो असा, की सप्टेंबरात गावचं प्रदर्शन आहे, तोवर लोकांना दाखवण्यासारखं काहीतरी केलंस तर टेबल राहील, नाहीतर जाईल. क्लॅरी घरी येऊन टीव्हीसमोर बसला. टीव्ही बंद होता. मला पुढचं सगळं दिसलं, बटाटे आणि पाणी.

मी म्हणलं, "कर मग काहीतरी. काय करायचं ठरवलंस?"

म्हणला, "तुझा स्कोन."

आदल्या वर्षी माझ्या स्कोनला, चहाबरोबर खायच्या त्या छोट्या गोल पावाला, प्रदर्शनात निळी फीत मिळाली होती, पहिला नंबर, एकवीस वर्षांनी. पण स्कोनचं काय असतं, सकाळी नंबर, संध्याकाळी कोंबड्यांना. क्लॅरी म्हणला काचेत घेतला की राहील. हे त्यानं टीव्हीकडे बघत सांगितलं.

मग सुरू झालं. मी सकाळी दहाला स्कोन घेऊन शेडमध्ये जायची. एक स्कोन, बशीत. क्लॅरी तो दगडावर ठेवायचा, पुढं ती खास काच लावायची, अंधार, एक मिणमिणता हिरवा दिवा. नळी अर्धा तास आधी पेटवून ठेवलेली, गार नळीचा उजेड डगमगतो. काच लावली की दहा मिनिटं कोणी हलायचं नाही, सगळं बसू द्यायचं. मग काळा पुठ्ठा उचलायचा, वीस सेकंद, पुन्हा पुठ्ठा. मग काच रसायनात धुवायची, ते माझं काम. ओल्या काचेत काही दिसत नाही. वाळल्यावर दिसतं.

पहिली काच वाळली. बशी दिसली. इतकी झकास, की कडेचा टवका सुद्धा, बोट घालावंसं वाटेल अशी. आणि बशीच्या मधोमध काळं भोक. स्कोनच्या आकाराचं. स्कोन नाही.

दुसरी, तशीच. तिसरी तशीच. काचा महाग, परदेशातून येतात. क्लॅरीला पहिला संशय मालगाडीचा. त्यानं स्टेशनात विचारून वेळा लिहून आणल्या. मग फ्रिजचा, फ्रिज बंद केला, दूध नासलं. मग मॉरीचा, कारण मॉरी बाकड्यावर बसून पाय हलवतो. मॉरीला रस्त्यापलीकडे बसवला. चौथी काच, बशी सुंदर, स्कोन नाही. पाचवी झाल्यावर क्लॅरी माझ्याकडे वळला.

"मर्ल, तुझा स्कोन हलतोय."

"स्कोन हलत नाही, क्लॅरी. स्कोनला पाय नसतात."

"बशी हलत नाही, दगड हलत नाही, म्हणजे काय राहिलं?"

"तू राहिलास. एकवीस वर्षांनी नंबर आला माझा, आणि हा म्हणतो हलतोय."

"मी चवीबद्दल काही बोललोय का?"

"बोललास. गेल्या इस्टरला मीठ जास्त म्हणलास."

लिंडसे दारात उभा होता. म्हणला, "तुम्ही दोघं आधी थांबा, मग स्कोन थांबेल."

तेव्हा क्लॅरीनं एक गोष्ट केली, ती तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवा, काहीही हलतंय की नाही बघायला उपयोगी आहे. फुटक्या आरशाचा नखाएवढा तुकडा घेतला, स्कोनच्या डोक्यावर ठेवला, त्याच्यावर किरण पाडला. किरण उडून लांबच्या भिंतीवर ठिपका पडला. ठिपक्याभोवती पेन्सिलनं गोल काढला. मग आम्ही तिघं बसलो.

पाच मिनिटांत ठिपका गोलाच्या बाहेर. दहा मिनिटांत वीतभर खाली. हळू, लाज नसल्यासारखा.

"बसतोय," क्लॅरी म्हणला. "तुझा स्कोन खाली बसतोय. हात लाव." मी लावला. कोमट होता.

मी सकाळी दहाला स्कोन नेत होते तो भट्टीतून काढलेला, फडक्यात गुंडाळून. दरवेळी. गार स्कोन कोणी कोणाला देतं का? माझ्या आईनं दिला नाही, मी दिला नाही, आणि क्लॅरीनं सुद्धा पाच वेळा हातात घेतला आणि त्याला वाटलं नाही की गरम वस्तू गार होताना आखडते. अडतीस वर्षं लोखंड तापवलेला माणूस. म्हणला, "लोखंड असतं तर कळलं असतं. स्कोन गरमच असतो."

मग गार नेला. तरी ठिपका सरकला, थोडा कमी. आतली ओल उडते तसा तो मिटत जातो. सहाव्या काचेत पण काळं भोक. प्रदर्शनाला अकरा दिवस राहिले होते, काच एकच राहिली होती.

शेवटी मी एक स्कोन मंद भट्टीत दोन दिवस ठेवला. असला प्रकार मी जन्मात केला नव्हता, कोणाला दिसू नये म्हणून पडदा ओढून घेतला. विटेसारखा झाला, टेबलावर आपटला तर टेबलाला खड्डा पडला. तरी क्लॅरी म्हणला, हवेतली ओल पुन्हा आत शिरेल, वरून बंद करायला पाहिजे. आणि शेडमध्ये रोगण चांगलं कोण लावतं? लिंडसे. क्लॅरी त्याच्याकडे जाऊन उभा राहिला, हातात स्कोन.

लिंडसे म्हणला, "तुझं टेबल जावं म्हणून ठराव मी मांडला."

"माहीत आहे."

"आणि तू माझ्याकडेच आणलास."

"दुसऱ्या कोणाचा हात बरा असता तर त्याच्याकडे नेला असता."

लिंडसेनं तीन हात दिले, मधे मधे बारीक सँडपेपरनं घासून. शेवटच्या हाताला तो म्हणला, चमक नको ना, मग मॅट देतो. आणि चौथा पण दिला, कोणी सांगितला नव्हता.

सातवी काच वाळली तेव्हा शेडमध्ये नऊ माणसं होती. आधी बशी आली. मग भोकाच्या जागी काहीतरी राखाडी, मग तो. वरची भेग, बाजूचा फुगवटा, खालचं पीठ. क्लॅरीनं काच तिरकी केली तर स्कोनची मागची बाजू दिसली. मॉरीनं हात पुढं केला आणि त्याची बोटं काचेवर आपटली. क्लॅरी म्हणला, "डाग पाडलास." त्याला आनंद झाला की तो असंच बोलायचा.

प्रदर्शनात तो "इतर हस्तकला" मध्ये ठेवला. उत्तेजनार्थ मिळालं. बायकांच्या मंडळाच्या परीक्षक बाई त्याच्यापुढं बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, जरा जास्त भाजलाय. टेबल राहिलं. ठराव लिंडसेनंच मागे घेतला.

त्यानंतर क्लॅरीला दीड वर्ष मिळालं. आठवड्यातून तीन दिवस स्टुलावर. घरी येऊन जेवायचा आणि मला आरशांबद्दल सांगायचा. बटाट्यांबद्दल एक शब्द नाही.

एप्रिलमध्ये त्याला दवाखान्यात नेला. शेवटी शुद्धीवर होता तेव्हा त्यानं विचारलं, "आरशांवर डबे झाकलेस?" मी म्हणलं, "झाकले." झाकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी साठ किलोमीटर गाडी चालवत शेडमध्ये आले, फुग्यानं धूळ उडवली, डबे झाकले, आणि परत निघणार तर दवाखान्यातून फोन आला, तो गेला. म्हणजे त्याला मी सांगितलं ते खरं झालं, फक्त वेळ चुकली.

आता थडग्याचं. त्याच्या थडग्यावर आत्ता मॉरीनं केलेली लाकडी पाटी आहे, नाव तारीख सगळं बरोबर. तुमचं म्हणणं, दगड थडग्याचाच होता, तो तिथंच जावा, कोरणावळ शेड करील. हे तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय, मला कळतं. लिंडसे माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून हे बोलला तेव्हा मी त्याला पाणी दिलं. पण तो म्हणला, "टेबल चालवणारं कोणी राहिलं नाही, मर्ल. नुसतं ठेवून काय करायचं?" म्हणून मी मंगळवारी मॉरीकडनं शेडची किल्ली घेतली. मॉरी म्हणला, "नियमात पुरुष लिहिलंय." मी म्हणलं, "नियमात किटली बंद करायचं पण लिहिलं नव्हतं."

नळी अर्धा तास तापवली. किरण दोन भोकांतून न्यायला मला पाऊण तास लागला, तो सात मिनिटांत न्यायचा. वस्तू म्हणून दार मिटू नये म्हणून ठेवायचा लोखंडी ठोकळा घेतला, गार, जड, रंग दिलेला. काच क्लॅरीच्या खोक्यातली, एकच उरली होती. ती लावली, पुठ्ठा धरला, दहा मिनिटं बसले. एप्रिलपासून पहिल्यांदा दहा मिनिटं कोणी मला काही खा म्हणलं नाही. नाकाला पाणी आलं होतं पण मी पुसलं नाही, हात हलवायचा नव्हता. मग वीस सेकंद मोजले. मग धुतली. मग वाळत ठेवली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. मॉरी रस्त्यापलीकडे उभा होता, स्वतःहून.

होलोग्राम आलाय. डावा कोपरा काळा आहे कारण तिथला चिमटा मी नीट आवळला नाही. थोडा अंधुक आहे. पण दाराचा ठोकळा आहे हे कोणीही ओळखेल, खालचा गंज पण दिसतो. गुरुवारी घेऊन येते. लिंडसे, हे वाचून झाल्यावर खिडक्या बंद कर आणि तुझी ती एका बारीक दिव्याची बॅटरी आण, त्याच्यात चांगला दिसतो. सगळ्यांनी एकेक करून बघा, हात मागे ठेवा. मग मत द्या.

ज्यांना शिकायचंय त्यांनी मंगळवारी दहाला या. घड्याळ घरी ठेवून.

मर्ल